अण्णाची केबल आणि कुंभारीतलं भजन

अण्णा गेला.

आज सकाळी, चहा पिता पिता. हार्ट अटॅक.

माझा थोरला भाऊ. मी भजनं गाते, साउंड तो बघायचा. नोकरी शाळेत क्लार्कची, जीव मात्र केबलमध्ये. विकतची त्याला पटायचीच नाही. वायर आणून स्वतः सोल्डर करायचा.

सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. फोन उचलते, ठेवते. दारात जाते, परत येते.

म्हणून लिहितेय.

कुंभारीला एका वास्तुशांतीत आमचं भजन होतं. अंगणात नुकताच सडा मारलेला, सतरंजी ओली. मी अनवाणी, हातात माइक.

आणि स्पीकरमधून सारखं घूंऽऽऽ.

मंडपवाला म्हणाला, "ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढा, आवाज बंद. सगळेच करतेत की."

त्यानंच पक्कड लावून पिन उपटली. घूं खरंच थांबली.

मी सूर लावणार, तेवढ्यात अण्णानं मेन स्विच पाडला.

"सुमे, माइक खाली ठेव!"

इतक्या मोठ्यानं ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

घरमालक तापले. "ओ, पाव्हणे जेवायचे थांबल्यात. लई उशीर व्हायलाय."

"होऊ दे की. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात करंट उतरला तर पिनेशिवाय जायचा कुटनं? हिच्या अंगातनं?"

त्यानं आधी प्लग बदलला. मग माइक जोडतात त्या मिक्सरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची आपलीच केबल उघडून बसला.

सिग्नलच्या दोन्ही वायरी तशाच ठेवल्या. त्यांच्याभोवतीची तारेची जाळी, म्हणजे शील्ड, फक्त ॲम्प्लिफायरच्या टोकाला तोडली. मिक्सरकडची जोडलेलीच.

जाळी दोन्हीकडे जोडली होती, आणि मिक्सर-ॲम्प्लिफायरचे प्लग दोन वेगळ्या बोर्डांवर. अर्थिंगचा फेरा तयार झाला होता. घूं तिथली.

लोक कुजबुजत होते. मी म्हटलं, "अण्णा, आटप ना." त्यानं मान वर केली नाही.

स्विच वर केला.

घूं नाही. पिन जागेवर. मी गायले.

परतताना त्यानं नाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि तो ढसाढसा रडला.

"तुला काय झालं असतं तर मी आईला काय सांगितलं असतं गं?"

मी त्याचा हात धरून उभी राहिले.

आता थोड्या वेळानं नेतील. वहिनी म्हणतेय, "तूच म्हण काहीतरी."

म्हणीन.

नीट जा अण्णा.

तुझ्या सुमीचा शेवटचा नमस्कार.