मी तालीम का सोडली होती

माझ्याविषयी बडोद्यातल्या आमच्या लोकांत एक हकीकत सांगितली जाते. अध्यक्षपद मिळाले नाही म्हणून मी रुसलो आणि दोन वर्षे तालमीची पायरी चढलो नाही, अशी ती हकीकत. ती साफ खोटी आहे. अध्यक्षपद मला दोनदा देऊ केले होते आणि दोन्ही वेळा मी नाकारले होते. सांगणारे अजून हयात आहेत. त्यांनी माझ्यासमोर येऊन सांगावे.

खरे कारण माझ्या सदऱ्याखाली होते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवरची गाठ काढली, तेव्हापासून माझ्या शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होईनासे झाले. उभा जन्म कोयलीच्या रिफायनरीत टाक्यांचे जिने चढण्यात गेलेला मी, घरचा जिना चढताना मध्येच बसू लागलो. हाडे विरळ झाल्याचे निदान झाले आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू झाली. त्यावरही आमच्या एका आप्ताने, म्हाताऱ्याला तारुण्याची हाव सुटली, असे लग्नाच्या पंगतीत म्हटल्याचे माझ्या कानावर आले. मधुमेही माणूस इन्सुलिन घेतो, ती हाव असते काय?

इंजेक्शनांनी अंगात जोर आला, हे मी नाकारत नाही. मात्र बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे बायकांत जास्त असणाऱ्या संप्रेरकात, बदलते. पोटावर चरबी असली तर जास्तच. माझ्या पोटावर ती होती. आधी छाती हुळहुळी झाली, मग तिथे गाठीसारखे काही लागू लागले, आणि पुढे आरशात पाहणे मी टाळू लागलो. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून कर्करोग नसल्याची खात्री करून घेतली. इंजेक्शनची मात्रा विभागून दिली. तरीही रक्तातले इस्ट्रोजेन उतरेना, तेव्हा ते तयार होण्यालाच आळा घालणारी एक गोळी लिहून दिली. आठवड्यातून दोनदा, तीही अर्धी.

"एवढीशी कशाला?" मी म्हणालो. "इस्ट्रोजेन पार नाहीसे करा."

"झीरो करीने शुं करशो, काका?" त्या हसल्या, आणि माझ्यासाठी मराठीकडे वळल्या. "शून्यावर आणून काय करणार? हाडांना ते लागते. पुरुषाच्यासुद्धा."

मी वाद घातला. काही आठवड्यांनी त्या अर्ध्या गोळीनेच ते इतके खाली गेले की बोटे आणि गुडघे कुरकुरू लागले, आणि मात्रा आणखी कमी करावी लागली. त्यांचे म्हणणे बरोबर होते. तसे मी त्यांना सांगितलेही.

लहरीपुऱ्यातल्या औषधवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली. तो ही गोळी स्तनाच्या कर्करोगाच्या बायकांना देत असे. "काकी बीमार छे?" त्याने हळूच विचारले.

काकीला जाऊन चार वर्षे झाली होती. "माझ्यासाठी आहे," मी दुकानभर ऐकू जाईल असे म्हणालो. लपवण्याची मला सवय नाही.

पण तालमीत मी लपवले. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते आणि आमच्या तालमीत हनुमान जयंतीला जुने गडी उघड्या अंगाने मारुतीसमोर नमस्कार घालतात. माझा तालमीतला जोडीदार आणि मी शाळेच्या वयापासून शेजारी शेजारी नमस्कार घालत आलो. त्याची जीभ मला ठाऊक होती. माझी छाती पाहून तो काय बोलला असता, ते मी मनात अनेकदा ऐकले होते. म्हणून मी गेलो नाही. त्याचा फोन आला की कधी गुडघे दुखतात म्हणायचो, कधी पाहुणे आलेत म्हणायचो. पुढे त्याचे फोन थांबले. घरात दिवसचे दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नसे.

गोळीने छातीचे दुखणे गेले. फुगवटा थोडा उतरला, बाकीचा राहिला. तो आता राहणारच, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. तेव्हा मी ठरवले, की जशी आहे तशी छाती घेऊन जायचे आणि त्याच्याशेजारी उभे राहायचे. बोलू दे त्याला काय बोलायचे ते.

यंदाच्या जयंतीला मी गेलो आणि सदरा काढला. कुणी पाहिलेसुद्धा नाही. पोरे मल्लखांबावर होती, सगळ्यांचे डोळे तिकडे. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

"ते अहमदाबादला मुलाकडे राहायला गेले की," वस्ताद म्हणाला. "घर विकलं. तुम्हाला कळवलं नाही?"

संध्याकाळी मी फोन लावला.

"मिटला का रुसवा?" त्याने सुरुवातच तशी केली.

"रुसवा नव्हताच." मी त्याला सगळे सांगितले, इंजेक्शन, गोळी, छाती, काही गाळले नाही.

तो म्हणाला, "अरे गाढवा, मला वाटलं माझंच काही चुकलं. दोन वर्षं आठवत बसलो."

"ती अध्यक्षपदाची गोष्ट कुणी पसरवली?"

"मी. लोक विचारायचे, तू का येत नाहीस. काहीतरी सांगायला नको?"

"खोटी आहे ती. यापुढे सांगशील तेव्हा दुरुस्त करून सांग."

"कुणाला सांगू?" तो म्हणाला. "इथं तुला ओळखतो कोण?"