मावशीच्या हसण्याची नोंद

आमच्या मावशीशी भांडून आजवर कोणी जिंकलेलं नाही. ती आवाज चढवते म्हणून नाही. उलट फार हळू बोलते. पण समोरचा काय म्हणाला, कोणत्या वारी म्हणाला आणि म्हणताना कुठं अडखळला, हे तिला शब्दन् शब्द आठवतं. 'तू असं म्हणाली नव्हतीस,' अशी तिनं सुरुवात केली की माझी आई सरळ दुसऱ्या खोलीत निघून जायची. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, लग्नानंतर आठवड्याभरातच ओळखलं की या घरात बोललेलं नोंदलं जातं. तेव्हापासून ते मोजकंच बोलतात. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. घरची सगळी कसर ते तिथं गिऱ्हाइकांवर भरून काढतात.

मावशीचं कामच तसं. लोकांनी निवडून दिलेले सदस्य ज्या सभागृहात बसून मंत्र्यांना धारेवर धरतात, तिथं ती लघुलेखक. अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या पायाशी एक टेबल, टेबलावर वही आणि चार टोकदार पेन्सिली. दर दहा मिनिटांनी माणूस बदलायचा. आपली दहा मिनिटं झाली की मागच्या खोलीत जाऊन आपण लिहिलेल्या रेघोट्यांचं वाक्यांत रूपांतर करायचं आणि टाइप करून द्यायचं. जे त्या कागदावर आलं ते बोललं गेलं. जे आलं नाही ते, मंत्री बोलोत नाहीतर खुद्द अध्यक्ष बोलोत, हवेत गेलं.

या कामाचा एक अलिखित नियम आहे: लिहिणाऱ्याला हात असतो, कान असतात, चेहरा नसतो. हसायचं नाही, भुवई उचलायची नाही, मान हलवायची नाही. सगळं सभागृह हसलं तर कंसात 'हशा' असं लिहायचं आणि पुढं जायचं. नवीन कोणी रुजू झालं की मावशी त्याला चहाच्या वेळी समोर बसवून विनोद सांगे आणि ते लिहून घ्यायला लावी. जो हसला त्यानं सगळ्यांचा चहा पाजायचा. मावशीचे विनोद म्हणजे एरवी आम्ही घरात ऐकून कंटाळलेले, पण तिच्या तोंडून त्या लाकडी चेहऱ्यानं ऐकले की भलेभले फुटत. सव्वीस वर्षांत तिनं स्वतः कधी चहा पाजला नव्हता. एकदा एक सदस्य बाकावर उभा राहून गायला लागला होता, एकदा दोघांनी एकमेकांवर फायली भिरकावल्या होत्या, मावशीनं सगळं लिहून घेतलं होतं. फायलींचे रंगसुद्धा.

आणि अशी बाई एका बुधवारी सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांनी हसली.

त्या दिवशी प्रश्न होता नर्सबाईंचा. नर्सबाई म्हणजे निवडून येण्याआधी तीस वर्षं नर्स असलेल्या एक सदस्या. त्यांच्या गावच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. म्हणजे होती, पण अंगणात. दोन वर्षांपूर्वी सरकारनं विकत घेतली, खोक्यात घालून आणली आणि तिथंच ठेवली. कळा सुरू झालेल्या बायकांना खुर्चीत बसवून बासष्ट पायऱ्या उचलून न्यावं लागे. नर्सबाईंनी तीन अधिवेशनं हा प्रश्न दिला होता. कुठला प्रश्न चर्चेला यायचा ते सोडत काढून ठरतं. त्यांचा आला तो चौथ्या खेपेस.

आरोग्यमंत्र्यांचं छापील उत्तर असं होतं: 'लिफ्ट खरेदी करण्यात आली असून ती वापरात आहे.'

नर्सबाई उठल्या. "अध्यक्ष महाराज, वापरात आहे हे मला एकदम मान्य आहे. मी परवा जाऊन पाहून आले. लिफ्टच्या खोक्यात वॉचमनच्या सहा कोंबड्या राहतात."

नेमकं त्याच क्षणी अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून मंत्र्यांच्या हातात चिठ्ठी आली. मंत्रिमहोदय चिठ्ठी उलगडण्यात गुंतले होते, त्यामुळे कोंबड्यांचं त्यांनी ऐकलंच नाही. ते उभे राहिले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले, "दर महिन्याला तंत्रज्ञामार्फत तपासणी होते, आणि आजवर एकही तक्रार आलेली नाही."

"कोंबड्या तक्रार कशाला करतील?" नर्सबाई म्हणाल्या. "त्यांना भाडं पडत नाही!"

हशानं सभागृह दणाणलं. विरोधक हसले, सत्ताधारी हसले, अध्यक्षांनी घंटी वाजवायला हात पुढं केला आणि घंटी न वाजवता डोळे पुसले. आमच्या मावशीनं कंसात 'हशा' लिहिलं आणि मग तिचीच पेन्सिल थांबली. खांदे हलायला लागले. तिनं ओठ चावला, पेन्सिलीकडे रोखून पाहिलं, पण कोंबड्यांची तपासणी करणारा तंत्रज्ञ काही डोळ्यांसमोरून हटेना. पाच-सहा सेकंदांचा खेळ. मग तिनं स्वतःला सावरलं आणि पुढचं वाक्य पकडलं.

मागच्या खोलीत टाइप करताना तिच्या लक्षात आलं. 'हशा'च्या पुढं तिनं लिहिलेलं वाक्य नर्सबाईंचं होतं: 'मंत्रिमहोदयांची मी आभारी आहे.'

नर्सबाईंनी नऊ वर्षांत कुठल्याही मंत्र्याचे आभार मानले नव्हते. त्या आभार मानतात म्हणजे मंत्र्यांनी काहीतरी दिलं. दिलं ते कुठं गेलं? तिनं ध्वनिमुद्रण लावून ऐकलं. नुसता हशा आणि बाकं बडवल्याचा आवाज. मंत्री बसता बसता, माइकपासून दूर, काहीतरी पुटपुटले होते एवढं कळत होतं.

दुपारी नर्सबाई स्वतःच आल्या, हातात कच्ची प्रत घेऊन. "अहो, माझं आश्वासन कुठं गेलं? मंत्री म्हणाले की, पुढच्या अधिवेशनाच्या आत लिफ्ट चालू करतो, नाहीतर माझं ऑफिस त्या तिसऱ्या मजल्यावर हलवतो. शेजारच्या दोघांनी ऐकलंय."

पण शेजाऱ्यांच्या ऐकण्यावर छापता येत नाही. मंत्र्यांच्या कार्यालयाकडेही तपासायला प्रत गेली होती. एरवी तिथून प्रत परत यायला दोन दिवस लागतात, त्या दिवशी दहा मिनिटांत आली, 'दुरुस्ती नाही' असा शेरा घेऊन. आणि तोच प्रश्न त्या अधिवेशनात पुन्हा विचारता येत नाही. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली की नाही हे बघायला एक समिती असते, पण ती बघते फक्त छापलेली.

मावशीचे प्रमुख सज्जन गृहस्थ. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर मावशी बसणार हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी दार लोटून घेतलं. "हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. गोंगाटामुळे ऐकू आलं नाही, असं लिहू. खोटं कुठं आहे त्यात?"

"साहेब," मावशी म्हणाली, "माझ्या कानाशी गोंगाट माझाच होता."

संध्याकाळी मी तिच्याकडेच होते. जेवताना तिनं सगळं सांगितलं, अर्थात कोण कुठं अडखळलं त्यासकट. काकांचा घास हातातच राहिला.

"तू हसलीस?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो म्हटलं ना!"

"मग मला कोणी बोलावलं का नाही?" काका म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं मी वाट बघतोय."

मी हसू दाबलं. मावशीला मात्र हसू आलं नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला थट्टा सुचतेय. मी गप्प बसले तर खुर्ची मिळेल. बोलले तर ठपक्याचा मेमो मिळेल, आणि आश्वासन परत मिळेलच असंही नाही. मंत्री आठवत नाही म्हणाले तर? तेल गेलं, तूपही गेलं. आणि मी त्या दवाखान्यात कधी पाऊलही टाकलेलं नाही, तरी दुपारपासून त्या पायऱ्या मोजतेय."

काकांनी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला. "जे झालं ते जसंच्या तसं लिहायची तुला सवय. यातही तेच कर. मला कशाला विचारतेस?"

मावशीनं अध्यक्षांना तीन ओळींचं पत्र लिहिलं आणि ते दुसऱ्या दिवशी सभागृहात वाचलं जाणार असं कळलं. मी रजा टाकली, पास काढला आणि प्रेक्षकांच्या गॅलरीत पहिल्या रांगेत जाऊन बसले. प्रमुख तिला पाळी बदलून देत होते. तिनं नाही म्हटलं. पाळी तिची होती.

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "काल अकरा वाजून बावीस मिनिटांनी मला हसू आलं. त्यामुळे माननीय आरोग्यमंत्र्यांचं एक वाक्य माझ्याकडून लिहायचं राहिलं. सभागृहात त्या वेळी आवाज होता, पण पेन्सिल आवाजामुळे नव्हे, माझ्या हसण्यामुळे थांबली. चुकीबद्दल मी क्षमा मागते."

आणि खाली, त्याच खुर्चीच्या पायाशी बसून, मावशी स्वतःचा माफीनामा शब्दन् शब्द लिहून घेत होती. मान खाली, हात चालू. कुणीतरी मागून ओरडलं, "बाई, आम्ही इतकी वर्षं बोलतोय, एकदाही हसला नाहीत!" पुन्हा हशा झाला. तिनं तोही कंसात घातला. मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं, "ती माझी मावशी."

अध्यक्ष आरोग्यमंत्र्यांकडे वळले. "आपण काय म्हणाला होतात, हे आपणच सांगावं."

अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी निघाली. शिपाई लगबगीनं पोचला. मंत्र्यांनी ती उलगडली, वाचली, एकदा नर्सबाईंकडे पाहिलं आणि एकदा खाली, थांबलेल्या पेन्सिलीकडे. मला वाटलं, संपलं. आता हे म्हणणार, स्मरत नाही.

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकली. "अध्यक्ष महाराज, मी बोललो होतो. सगळे हसले, लिहिणाऱ्या बाईंनीही लिहिलं नाही, तेव्हा म्हटलं वाचलो. पण स्वतःची चूक त्या स्वतःच्या हातानं लिहितायत, आणि मी इथं विसरल्याचं सोंग करू? जमणार नाही. आता कोणी हसू नका, मी परत सांगतो." आणि ते सावकाश, शाळेत शुद्धलेखन घालतात तसे, एकेक शब्द सुटा करून बोलले. पुढच्या अधिवेशनाच्या आत लिफ्ट चालू होईल. न झाल्यास आरोग्यमंत्र्यांचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर.

"आणि मंत्रिमहोदयांचा चहा तळमजल्यावर," नर्सबाई म्हणाल्या.

मेमो आला. तो यायचाच होता. नियम म्हणजे नियम. प्रमुखांची खुर्ची त्या वर्षी मावशीहून चार वर्षं धाकट्या माणसाला मिळाली, तिच्याच हाताखाली शिकलेल्या. घरी आल्यावर ती म्हणाली, "सव्वीस वर्षं मी सगळ्यांचं लिहिलं. पहिल्यांदा माझं लिहिलेलं कोणी मोठ्यानं वाचलं, आणि ती चूक निघाली." पण हे ती हसत सांगत होती, आणि काकांनी ते चष्मा काढून, पुसून, परत घालून नीट पाहिलं. पहिल्या दिवशी नव्या प्रमुखानं सगळ्यांना चहा पाजला. हसल्याचा दंड म्हणून मावशीनं पैसे देऊ केले तर तो तिच्या पाया पडायला लागला.

लिफ्ट पुढच्या अधिवेशनाच्या चार दिवस आधी चालू झाली. नर्सबाईंनी मावशीला आवर्जून बोलावलं, बरोबर मीही गेले. दारातून आत गेलो तर लिफ्टसमोर एक गरोदर बाई खुर्चीत बसलेली, घामानं भिजलेली, आणि तिच्या सासूच्या दोन्ही हातांत पिशव्या. मावशी लिफ्टच्या दारापर्यंत गेली होती. ती मागं सरली. "तुम्ही जा आधी," ती म्हणाली. दार लागलं आणि लिफ्ट वर गेली.

आम्ही जिन्यानं निघालो. नर्सबाई पुढं, मावशी मध्ये, मी मागं. दुसऱ्या मजल्यावर मावशीला धाप लागली, कठडा धरून ती थोडी थांबली. खुर्ची उचलून इथून माणसं कशी चढत असतील, हे तिघींच्याही मनात आलं असणार.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा सून आत गेली होती आणि सासू बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसली होती. घामाघूम झालेल्या मावशीकडे तिनं नवलानं पाहिलं, सरकून जागा दिली आणि म्हणाली, "अगं बाई, लिफ्ट आहे की इथं! तुम्ही जिन्यानं कशाला आलात?"

मावशी तिच्या शेजारी बसली. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "मेमो परवडला."