नातीचं डोकं आणि बघायला येणारी माणसं

आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला बघायला जातात. मेल्यावरही जातात, पण तेव्हा निदान हळू बोलतात. आजाऱ्याच्या उशाशी बसून इतकं बोलतात की धडधाकट माणसालाही ताप यावा. शहाळं आणायचं, बिस्किटांचा पुडा आणायचा, आपल्या आतेबहिणीला अस्संच झालं होतं आणि पुढे तिचं कसं वाटोळं झालं ते सांगायचं, चहा घ्यायचा, आणि जाताना "काळजी घ्या" म्हणायचं. आता काळजी घ्यायला यांनी वेळ कुठे ठेवलेला असतो?

आम्ही भांडुपला राहतो. आधी चाळ होती, ती पाडून उंच इमारत झाली. लिफ्ट आली, गुळगुळीत फरशा आल्या, माणसं मात्र चाळीतलीच वर चढली. दाराला महागडी कुलपं बसवली आणि दिवसभर दार सताड उघडं टाकतात. आमच्या मजल्यावर दार लावलं की त्याचे दोनच अर्थ होतात. एकतर घरात भांडण आहे, नाहीतर मटण आहे आणि वाटायचं नाही.

घरात मी, मुलगा, सून आणि नात. नात नववीत आहे.

शाळा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. एका बाजूला ठणका, उजेड सोसत नाही, फोडणीचा वास आला तरी ओकारी. पोरगी डोळ्यांवर ओढणी बांधून भिंतीकडे तोंड करून पडायची. घरातल्या शहाण्यांनी आपापली निदानं केली. मुलगा म्हणाला, मोबाईल. सून म्हणाली, चष्मा लागला असेल. चष्म्याच्या दुकानात नंबर निघाला नाही, तेव्हा तिने आवाज बारीक करून मला विचारलं, "आई, चाचणीच्या दिवशीच बरं दुखतं? नाटक नसेल ना?"

"नाटक करून कोणी पोट रिकामं होईपर्यंत ओकत नाही," मी म्हटलं. "तू करून दाखव बघू."

तिने काही करून दाखवलं नाही.

मग समोरची बाई आली. ही आमच्या मालवणकडची. दृष्ट काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही असं म्हणतात. म्हणते ती स्वतःच. "नजर लागली हा," तिने दारातूनच जाहीर केलं. "केस बघ चेडवाचे केवढे!" मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या पोरीवरून ओवाळून तिने तापल्या तव्यावर टाकल्या. धूर बाहेर गेला तर नजरही जाऊन दुसऱ्याला लागेल म्हणून खिडक्या बंद. तो धूर गेला पोरीच्या नाकात. ती मोरीपर्यंतसुद्धा पोचली नाही.

"बघलंस?" बाई खूश झाली. "भायर पडला मगे!"

बाहेर पडला होता सकाळचा उपमा. पुसला मी.

एवढं सगळं झाल्यावर आम्ही मुलुंडला डॉक्टरांकडे गेलो. लहान मुलांचे मेंदूचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरीला विचारलं, "कधी दुखतं?" उत्तर दिलं सुनेने. "आधी काय होतं?" उत्तर पुन्हा सुनेने. मग बाईंनी आम्हा तिघांना बाहेर बसवलं.

"एवढं काय बोलतायत आत?" सून चुळबुळत राहिली.

"तुझ्यासमोर बोलता येत नाही ते," मी म्हटलं.

आत बोलावून बाईंनी सांगितलं, मायग्रेन आहे. दुखणं खरं आहे, नाटक नाही. मार्कांची, चाचणीची भीती साठत गेली की हिच्या डोक्यात ठणका उठतो. म्हणूनच तो रविवारी संध्याकाळी उठतो आणि पेपरच्या सकाळी उठतो. झोप वेळेवर हवी, सकाळी उपाशी बाहेर पडायचं नाही, पाणी प्यायचं. दुखायला लागलं की लगेच गोळी, अंधार आणि शांतता. मात्र मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत, फार गोळ्यांनीही डोकं दुखतं. भीतीबद्दल बोलायला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. शाळेत सांगून ठेवायचं, म्हणजे तिथे तिला थोडं पडता येईल. "आणि घरात सारखं 'दुखतंय का, दुखतंय का' विचारू नका. मार्कांचंही नको."

"पण मग अभ्यासाचं काय?" माझ्या मुलाने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं, आता यालाच पलंगावर झोपवून तपासतात.

आता घरात शांतता कशी आणायची? माझा मुलगा इमारतीच्या कमिटीवर आहे, त्यामुळे त्याला वाटतं की जगातली कुठलीही गोष्ट सूचना लावली की होते. त्याने इमारतीच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर लिहिलं, आमच्या मुलीला मायग्रेन आहे, तिला आवाजाचा त्रास होतो, तरी सर्वांनी कृपया शांतता राखावी. खाली हात जोडलेलं चित्र.

त्या संध्याकाळी अर्धी इमारत तिला बघायला आली.

दोष त्यांचा नाही. चाळीतल्या माणसाला 'आजारी आहे' एवढंच वाचता येतं, पुढचं वाचता येत नाही. एकीने बाम आणला, दुसरीने त्याहून उग्र तेल. दोन्ही चोळून घेतल्याशिवाय सुटका नाही. आल्यागेल्याला पोरगी दिसावी म्हणून सुनेने तिला खोलीतून उठवून बाहेर ट्यूबलाइटखाली बसवली. "पाया पड काकांच्या." ती वाकली की ठणका वाढे, आणि काका डोक्यावर हात ठेवून विचारत, "मग, चाचणीत किती पडले?" चौथ्या मजल्यावरचा एक गृहस्थ तर म्हणाला, "आमच्या वेळी नव्हतं असलं मायग्रेन-बियग्रेन." बरोबर आहे. त्याच्या वेळी डोकंही नव्हतं.

मग दर रविवारी हेच व्हायला लागलं. सुट्टीचा दिवस, लोकांना वेळ, आणि कुणाच्या घरी जायचं तर कारण तयार. पोरीचा ठणका रविवार संध्याकाळपासून सोमवार दुपारपर्यंत चाले आणि सोमवारची शाळा बुडे. एक चाचणी गेली, दुसरी गेली. आता सहामाही परीक्षा आली आणि तिचा पहिला पेपर सोमवारीच.

शनिवारी मी भाजी निवडत बसले होते. पोरगी जवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, मला पेपर द्यायचाय."

"मग दे. मी अडवलंय?"

"उद्या कोणी आलं तर नाही देता येणार. आई नाही म्हणत नाही कुणाला. बाबा तर चहा टाकायलाच सांगतात." ती गवारीची शेंग उगाच मोडत होती. "फक्त उद्या, आजी. कोणाला येऊ देऊ नकोस."

"बघते. आणि ती शेंग खाली ठेव, निवडून झालेली आहे."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मेंदूचं मला काही कळत नाही. पण बघायला येणाऱ्या माणसाला काय लागतं ते कळतं. त्याला आजारी माणूस लागतो. कुठला का असेना.

रविवारी दुपार कलताच मी प्लास्टिकची खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये मांडली, डोक्याला फडकं बांधलं, अंगावर शाल घेतली आणि दार ओढून घ्यायला सांगितलं.

"आई, लोक काय म्हणतील?" मुलगा म्हणाला.

"म्हणतील म्हातारीला वेड लागलं. माझं लग्न जमवायचं राहिलेलं नाही. लाव दार."

पहिली समोरचीच आली. "काय गो, भायर कशाक बसलंस? चेडवाक कसा आसा?"

"चेडवाक बरा आसा. आजारी मी आसंय."

"तुका काय झाला?"

मग मी सांगितलं. गुडघे सांगितले, कंबर सांगितली, रात्रीची ढेकर सांगितली, पोट कधी साफ होतं आणि कधी नाही तेही सांगितलं. ती दाराकडे सरकली की मी आणखी जोरात कण्हायचे. शेवटी बिचारी तिथेच पायरीवर टेकली आणि माझीच दृष्ट काढायला निघाली. म्हटलं, काढ बाई. माझ्या रूपाला लागलीच असेल कोणाची.

मग चौथ्या मजल्यावरचे ते गृहस्थ बायकोसकट आले. सोबत कणकवलीहून आलेली बहीणही होती, म्हणजे पाहुण्यांना इमारत दाखवता दाखवता आमची पोरगीही दाखवायची होती.

"पेशंट कुठाय?"

"ही काय, तुमच्यासमोर."

"नाही, म्हणजे... शहाळं मुलीसाठी आणलं होतं."

"फोडून आणलंय ना? मग आणा इकडे. सांडलं तर शाल भिजेल."

मी ते त्यांच्यासमोर प्यायले. त्यांच्या बायकोने मला मेथ्या भिजवून खायला सांगितल्या, बहिणीने कणकवलीतल्या एका सासूचा गुडघा सविस्तर सांगितला. तिघांचीही तोंडं समाधानाने उजळली. दिवेलागणीपर्यंत अशी बरीच माणसं येऊन गेली आणि एकानेही दार ठोठावलं नाही. टक्के मात्र मला कोणी विचारले नाहीत. म्हातारपणाचा तेवढा एक फायदा आहे.

दाराआड पोरगी जेवून वेळेवर झोपली. सुनेने एकदाच दार किलकिलं करून विचारलं, "विचारू का हिला, दुखतंय का?"

"झोपलेल्या माणसाला?" मी म्हटलं. तिने दार लावून घेतलं.

सोमवारी पोरगी पोहे खाऊन, पाण्याची बाटली घेऊन शाळेत गेली. दुपारी आली तेव्हा मुलगा आणि सून दोघंही घरी होती. सुट्टी टाकली होती त्यांनी, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. पोरीने दप्तर खाली टाकलं.

"दुखलं, आजी."

"मग?"

"सुरू झाल्या झाल्या गोळी घेतली. वर्गातल्या बाई म्हणाल्या, पड जरा. बाजूच्या खोलीत पडदे ओढून पडले. मग उठून राहिलेला लिहिला."

"सगळा?"

"शेवटचा प्रश्न राहिला."

माझ्या मुलाने तोंड उघडलं. तो प्रश्न किती मार्कांचा होता, एवढंच त्याला विचारायचं होतं. ते त्याच्या जिभेवर आलेलं मला दिसलं, पोरीलाही दिसलं, आणि तिचा हात कपाळाकडे गेला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो म्हणाला, "पोहे उरलेत का गं? तिला भूक लागली असेल." आणि स्वतःच आत बघायला गेला.