अर्ध्यावर अडकलेला दांडा

डोंबिवलीच्या बाळ कर्णिकांनी उभा जन्म हाताने फिरवायची गणकयंत्रं दुरुस्त करण्यात घालवला. संगणक आले, यंत्रं भंगारात गेली, पण एक त्यांनी जिवापाड जपलं. आज ठाण्याच्या एका कॉलेजातून जागृती भोईर ते बघायला येणार होती. यंत्र चाललं, तर दर शनिवारी बाळकाका ते मुलांना चालवून दाखवणार. नाही चाललं, तर ते काचेच्या कपाटात आणि काका घरात. आपली पुन्हा कुणाला तरी गरज लागावी असं त्यांना वाटे, आणि त्याची लाजही वाटत होती.

सकाळी त्यांनी दांडा फिरवून पाहिला, तो अर्ध्यावरच अडकला. जोर लावला की आतल्या चाकाचा दात मोडतो, आणि तसा दात आता कुठे मिळायचा नाही.

"चित्रा, काल दसऱ्याला याची पूजा केलीस?"

"केली की. हळदकुंकू, झेंडूचं फूल..."

"आणि अक्षता?"

चित्राकाकूंनी फ्रीजपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांवर अक्षता टाकल्या होत्या. नवऱ्याच्या लाडक्यावर जरा जास्तच.

झाकण उघडलं. दोन चाकांमध्ये तांदळाचा लाल दाणा रुतला होता. काकांनी चिमटा धरला आणि हात थरथरू लागला. वर्षभर त्यांनी हे सगळ्यांपासून लपवलं होतं. चिमटा दातावर आपटला. पुन्हा आपटला.

"द्या इकडे."

"तुला नाही जमणार."

"तुम्हाला तरी कुठे जमतंय?"

हे जिव्हारी लागलं. पण दाराची बेल वाजली आणि काकांनी मुकाट्याने चिमटा दिला. काकूंनी श्वास रोखून दाणा उचलला, तसा दांडा सुटला.

"काका, मी खाली कधीची आलेली, पार्किंगच भेटेना," जागृती आत येत म्हणाली. "दाखवता ना चालवून?"

काकांनी डावीकडचं टोकाचं चाक सोडून बाकी सगळ्या चाकांवर नऊ आणले. "यात आता एक मिळवायचा. प्रत्येक चाक पुढच्याला आपणहून हातचा देतं. यंत्र स्वतः हिशोब करायला लागलं ते इथून."

दांडा एका दमात फिरवावा लागतो. काकांचा हात त्यावर ठरेना. जागृती बघत होती. त्यांनी हात काढून घेतला.

"अगं, तू फिरव."

काकूंनी फिरवला. नऊमागून नऊ शून्य होत गेले आणि टोकाला एक उभा राहिला.

"मग शनिवारी येताय ना, काका?"

"दोघं येऊ. माझे हात थरथरतात, दांडा ही फिरवेल."

हे त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. शनिवारी काकूंचं भजनी मंडळ असतं. त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.