घासून लख्ख केलेली काजळी

वितळत्या कथिलाबरोबर जळणाऱ्या राळेचा तो कडवट, देवळातल्या धुपासारखा वाटणारा गंध नाकात शिरला, की आजही माझी बोटे क्षणभर गारठतात. त्या दुपारी बीडमधल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात तलवाड्याच्या सुशीलाबाई आल्या, त्या बुद्धविहारातला ॲम्प्लिफायर कडेवर घेऊनच! दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचे लग्न होते.

“आवाजाचं बटण खरखर करत होतं, म्हणून खोललं. आत लई काजळी! राखंनं घासून लख्ख केली. तवापासून मुकंच हाय. असं काहून झालं, भाऊ?”

मी पाहिले आणि हबकलो. बटणाच्या आतल्या तपकिरी चकतीवरचा घोड्याच्या नालासारखा काळा पट्टा पार नाहीसा झाला होता. तो मळ नव्हे हो, ती कोळशाची भुकटी आणि राळ यांची पातळशी साय! बटण फिरवावे, तशी धातूची जीभ तिच्यावरून सरकते आणि विजेची वाट लांब किंवा आखूड होते. भार मोठा असेल तिथे चिनी मातीच्या कड्यावर तार गुंडाळतात, पण आवाजासारखी नाजूक वस्तू माणसाने सोपवली ती या काजळीवर! अडवणाऱ्या त्या थरावाचून आवाजाला लहानमोठे होणेच ठाऊक नसते, हे मला तेव्हा कळले.

“बाई, तुमी काजळी न्हाई, आवाजच घासला,” दुकानाचे मालक सलीमचाचा म्हणाले. आठवीत शाळा सुटलेल्या, चंद्रपूरहून आलेल्या मला त्यांनीच काम दिले, ताटही दिले.

“मंग उद्या वंदना कशी व्हायची? पाव्हण्यांना हातवारे करू का?” बाईंचा स्वर हसता हसता फाटला.

तसा नग बाजारात नव्हता. मी शिसपेन्सिल उचलली.

“तिनं ओरखडा बुजतो बे, अख्खं वावर न्हाई पेरता येत,” चाचा म्हणाले. “याच डब्यावरचं, आवाजाला घुमारा देणारं शेजारचं बटण काढ, हितं लाव. घुमला न्हाई तरी चालंल, बोलला पायजे.”

काढताना त्या बटणातलाही पट्टा उखडला तर? उद्याचे लग्न माझ्या हातात होते. ते सोडवून, कथिलाचे टाके घालून मी बटण हळूच फिरवले. सुशीलाबाईंनी दुकानातला माईक तोंडाशी धरला. इतका वेळ खणखणीत बोलणारी ती बाई एकाएकी अगदी हळू बोलली, “लेकरा, ऐकू येतंय का रं?”

आणि घरापासून इतक्या दूर, भोंग्याला कान लावून बसलेल्या माझ्या तोंडून नकळत निघून गेले, “हो, आई.”