चॅनल एकतीस

ही गोष्ट मी सहा वर्षं कुणालाही सांगितली नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि दर रविवारी ज्यांच्याशी रेडिओवर बोलते त्या माणसांना तर नाहीच. आता तुम्हाला सांगते — पण एकदम मुद्द्यावर येणं मला जमणार नाही. थोडं मागून यावं लागेल.

माझे वडील शहाद्याकडून सिल्वासाला आले ते सुताच्या कारखान्यात हेल्पर म्हणून. आमलीतल्या चाळीत आमची एक खोली — पाच माणसं, एक पंखा, पाणी सकाळी पाऊण तास. आई अथालला प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. उपाशी झोपलो असं फारसं झालं नाही, खोटं कशाला सांगू. आमची खरी गरिबी वेगळीच होती — घरात फॉर्म भरणारं कुणी नव्हतं. वडील बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या ऑफिसात कागद धरून उभे राहायचे. खिशाला पेन लावलेलं असायचं, ते दुसऱ्याला द्यायला. "भाऊ, जरा भरून द्या ना." कुणी भरून द्यायचं, कुणी उद्या या म्हणायचं. एकदा मशीनमध्ये आईचा हात सापडला. दवाखान्यातला कागद कुणीतरी भरून देईपर्यंत ती बाकावर बसून होती, पदर गुंडाळलेला हात मांडीवर घेऊन. मी आठ वर्षांची होते. ज्याला येतं त्याची लोक वाट बघतात, हे मला त्या बाकावर कळलं.

मी शिकले. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातच काय, चाळीच्या आमच्या अख्ख्या रांगेत पदवी घेतलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. मग चाळीतली माणसं कागद घेऊन आमच्याच दारात यायला लागली. वडील त्यांना म्हणायचे, "बसा, ताई येईलच." तेव्हा त्यांचा जो चेहरा व्हायचा — तो बघायला मिळावा म्हणून मी कधी कधी कोपऱ्यावर पाच मिनिटं उगाच थांबून घरी जायचे. म्हणजे आणखी एकदोन माणसं जमतील. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. त्यात काही नाही. पण पुढचं सगळं तिथूनच आलं.

हौशी रेडिओचा नाद मला सुकलालकाकांनी लावला. ते धुळ्याकडचे, वडिलांच्याच कारखान्यात मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन. दहावी नापास, पण परीक्षा देऊन सरकारी परवाना काढलेला. सोल्डरिंग त्यांनी शिकवलं, अँटेना कापायला त्यांनी शिकवलं. मला परवाना मिळाला तेव्हा आख्ख्या शिफ्टला पेढे वाटले आणि मला म्हणाले, "काय व माय, आता तू मास्तरीण. आम्ही तुझे हेल्पर." चेष्टेत म्हणाले होते. मी ते खरं धरलं.

आमचा गट लहान, बारा-तेरा जणांचा. शाळेत शिकवणारे, मूळचे कोकणातले सावंतसर प्रमुख. पूर आला, वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले, तर निरोप पोचवायचे हे आमचं काम. पैसे नाहीत, वर्दी नाही. त्यासाठी तीन बॅगा कायम भरलेल्या असतात, गो-बॅग म्हणतो आम्ही. रेडिओ, बॅटरी, गुंडाळता येणारी अँटेना, दोरी, फ्यूज, टॉर्च, रेनकोट, चिक्कीची पाकिटं, वही आणि पेन्सिल — पेन भिजलं की लिहीत नाही म्हणून पेन्सिल. आणि वरच्या कप्प्यात एक कार्ड, कोणत्या चॅनलवर काय आहे ते लिहिलेलं. नियम एकच. बॅग कुणीही भरलेली असो, गटातल्या कुणालाही ती उचलून दहा मिनिटांत बोलता आलं पाहिजे.

तीनही बॅगा भरायचं काम माझ्याकडे होतं. मी ते मागून घेतलं होतं.

आता जरा यंत्राचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डोंगराआडून आमचे रेडिओ थेट सिल्वासाला पोचत नाहीत. म्हणून एका टेकडीवर रिपीटर बसवलेला आहे — तो आपला आवाज उचलतो आणि पुढे फेकतो. पण उचलायच्या आधी त्याला आवाजाबरोबर एक ठरलेला बारीक सूर लागतो, त्याला टोन म्हणतात. टोन चुकला की रिपीटर गप्प, आपलं तो उचलत नाही आणि त्याचं आपल्याला ऐकू येत नाही. रेडिओच्या पडद्यावर आकडा मात्र तोच दिसतो. सगळं बरोबर वाटतं, आणि पलीकडे काहीच पोचत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही टोन बदलला. रिपीटर ज्यावर आहे त्या चॅनल एकवर नवा टोन भरायचा आणि कार्डवर तारीख टाकायची, एवढं काम. ते व्हायच्या आधीच एक सराव झाला. बॅगा घेऊन लोक गावोगाव गेले आणि कुणालाच लागेना. एकेकाचा मला फोन. "ताई, लागत नाही हो." मी फोनवर सांगून एकेकाकडून नवा टोन टाकून घेतला. संध्याकाळी सावंतसर सगळ्यांसमोर म्हणाले, "या मुलीशिवाय आपलं काही खरं नाही."

ते वाक्य मी घरी नेलं. दोन दिवस ते माझ्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी मी बॅगा नीट करायला बसले. आणि — लिहिते. नवा टोन मी चॅनल एकतीसवर टाकला. चॅनल एकवर जुनाच परत भरून ठेवला. कार्डाला हात लावला नाही. विसरले नव्हते. घाईतही नव्हते. पुढच्या वेळीही कुणाला लागणार नाही, ते मला फोन करतील, आणि मी म्हणेन, एकतीसवर जा. एवढंच मला हवं होतं.

फोन बंद पडल्यावर उघडायची ती बॅग, आणि तिची किल्ली मी माझ्या फोनवर ठेवली होती. शिकलेली बाई मी. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? की आलं होतं, आणि मी तिकडे बघितलं नाही?

ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. डोंगराकडच्या खानवेलच्या पुढचे टॉवर बंद झाले. सुकलालकाका बॅग घेऊन आदल्या संध्याकाळीच खानवेलच्या पलीकडच्या एका शाळेत पोचले होते, तिथे लोकांना हलवलं होतं. मी अथालला आमच्या केंद्रावर, रेडिओसमोर. सकाळी आठला काकांनी बोलायचं ठरलं होतं. आठ वाजले. सव्वाआठ. रेडिओत नुसती शांतता.

साडेआठ वाजले. काका चॅनल एकवर आहेत, हे मला समोर दिसावं तसं दिसलं.

इथे जे झालं तेच मला सांगायचं आहे. बॅगेचं केलं ते वाईट होतं, पण तेव्हाही उपाय होता. रिपीटरची टेकडी सिल्वासाच्या बाजूला, रस्ता उघडा. मोटरसायकलवर कुणी गेलं असतं तर तासाभरात टोन बंद करून आलं असतं, आणि काकांचा आवाज चॅनल एकवरूनच आत आला असता. सावंतसर माझ्या बाजूला बसले होते. मोटरसायकल दारात होती. "सर, टोन काढायला पाठवा" एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न — का? म्हणून मी म्हटलं नाही. साडेआठ ते तीन, माझी पाळी संपेपर्यंत, मी तिथे बसून होते. दर पंधरा मिनिटांनी काकांना हाका मारत होते, सगळ्यांना ऐकू जाईल अशा काळजीच्या आवाजात. सरांनी मला चहा आणून दिला. मी प्यायले.

तिकडे काका तासन्‌तास चॅनल एकवर बोलत होते. अँटेनात दोष असेल म्हणून भर पावसात दोनदा शाळेच्या पत्र्यावर चढले. वय बासष्ट. त्यांच्याकडे निरोप होता — भिंत पडून पाचवीतल्या एका मुलीचा पाय मोडला आहे, पूल पाण्याखाली आहे, गाडी वरच्या रस्त्याने पाठवा. निरोप पोचला असता तर गाडी अकरापर्यंत तिथे असती. शेवटी चार माणसांनी मुलीला झोळीत घालून डोंगर ओलांडला. ती दवाखान्यात पोचली तेव्हा दिवे लागले होते. मुलगी वाचली. पाय आखूड राहिला.

बॅग परत आली ती माझ्याकडेच. घरी आणून दार लावून मी चॅनल एक नीट केला. नवं कार्ड लिहिलं, त्यावर दोन महिन्यांपूर्वीची तारीख टाकली, कडा थोड्या मळवल्या.

रविवारी सगळ्यांसमोर सरांनी तोच रेडिओ लावला. चॅनल एक, बटण दाबलं, पहिल्या हाकेला उत्तर. सगळे काकांकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "काका, बटण दाबलं होतं ना? का नुसता रामराम करत होता?" दोघंतिघं हसले.

"दाबलं होतं, भाऊ," काका म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. बराच वेळ. "असंल. हात चुकला असंल."

मी हसले नाही — पण त्याने काय होतं?

काका त्यानंतर आले नाहीत. बॅगा माझ्याकडे राहिल्या. पुरातल्या कामाचं बक्षीस म्हणून नाव कोरलेली एक पाटीसुद्धा मिळाली मला.

यंदा एका नव्या मुलीने बॅग उघडताना मला विचारलं, "ताई, हे सगळं तुम्हीच का भरता? तुम्ही नसलात तर?" तिने साधंच विचारलं होतं. त्याच आठवड्यात मी काकांच्या घरी गेले.

सगळं सांगितलं. एकतीस, कार्ड, साडेआठ ते तीन. काकू ओट्यापाशी चहा करत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि चहा ओतलाच नाही. म्हणाल्या, "सहा वर्षं घरातला पंखा बाहेरच्या माणसाकडून दुरुस्त करून घेतो आम्ही. इलेक्ट्रिशियनच्या घरात. हे म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही."

काका एवढंच म्हणाले, "म्हणजे मी बरोबर दाबलं होतं."

"हो, काका."

"बरोबर दाबलं होतं," ते काकूंकडे बघून परत म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी उठले.

त्यानंतर मी पाय मोडलेल्या त्या मुलीच्या घरी गेले. ती आता अकरावीला आहे, खानवेलहून बसने ये-जा करते. तिच्या वडिलांनी मला एकच विचारलं, गाडी किती वाजता आली असती. मी म्हटलं, अकरा. ते मान हलवून आत गेले. मी अंगणातूनच निघाले.

मग रविवारी गटासमोर. उभी राहून, त्याच खोलीत. सावंतसरांनी मध्ये एकदा "बस, पुरे" म्हटलं. मी थांबले नाही. सगळं संपवूनच बसले. माझ्याकडून बॅगा काढून घ्यायचं त्यांनी ठरवायच्या आधी मी बॅगांच्या कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. गटात ठेवायचं की नाही ते त्यांच्यावर सोडलं. त्यांनी ठेवलं, कागदांच्या कामाला. ज्याने बॅग भरली त्याने ती सरावात उघडायची नाही, असा नियम मी लिहून दिला. तो मंजूर झाला, माझं नाव न घालता. ते योग्यच झालं.

काका गटात परत आलेले नाहीत.

गेल्या महिन्यात सराव झाला. सगळ्यांचे मोबाईल आधी एका पिशवीत बांधून ठेवले होते. बॅग एका मुलाने भरली होती, ती घेऊन गेली आरोग्य केंद्रातली एक बाई. तिला परवाना मिळून तीन आठवडे झालेले. रेडिओ तिने याआधी एकटीने कधी लावला नव्हता. त्याच शाळेच्या व्हरांड्यात तिने बॅग उघडली, कार्ड वाचलं, अँटेना दोरीने खांबाला बांधली. नवव्या मिनिटाला तिचा पहिला निरोप सिल्वासाला पोचला. मी आमलीत घरी होते. मला कुणीही काही विचारलं नाही.