मी निवडून ठेवलेल्या फायली

माझा स्वभाव शांत आहे. असं मी म्हणते. घरात दुसरं कोणी म्हणत नाही.

आता मी आजी आहे, पण तेव्हा माझी पल्लवी गोंदियाला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. त्या सकाळी तिला कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा होता. नाही दाखवला तर वर्ष गेलं! आमच्या गोरेगावहून (गोंदियाजवळचं, मुंबईचं नव्हे) नऊची एस.टी., आणि साडेसातला कॉम्प्युटर म्हणतो, मॉड्यूल सापडत नाही!

"काल सकाळी त चालत होता न, आई!" पल्लवी रडकुंडीला आली.

"मॉड्यूल म्हंजे काय व?"

"छोटी फाईल. मोठी फाईल तिले हाक मारून कामाले बोलावते."

"मंग जोरानं हाक मार म्हणावं!"

मी तापले. आधी कॉम्प्युटरवर (दोन चापट्याही दिल्या). मग पल्लवीवर, "चार वर्सं हेच शिकून राहिली काय?" मग काहीच न केलेल्या ह्यांच्यावर, "तुमी कायले उभे हा खांबासारखे?"

"तू बस म्हणशीन त बसतो," हे म्हणाले. माझं डोकं आणखी फिरलं!

शेवटी पल्लवीनं सरांना फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"फायली कोणी हलवल्या का?"

फोन मी ओढून घेतला. "सर, आमच्या घरात असले धंदे कोणी करत नाही! हलवणारा सापडू द्या, त्याचे हातच तोडते!"

"बरं. एखादा नवीन फोल्डर दिसतो का?"

दिसला. नाव होतं 'बियाणं'.

झालं होतं असं. चार दिवसांपूर्वीच मी माउस धरायला शिकले होते (म्हणजे स्वतःला इंजिनियर समजत होते). आदल्या दुपारी पल्लवी बाजारात गेली, आणि मला तिच्या लहानमोठ्या फायली एकाच जागी पडलेल्या दिसल्या. बियाण्याचं धान अन् खायचं धान एका ढोलीत ठेवणारी मी नव्हे! बारीक फायली सगळ्या निवडल्या आणि वेगळ्या भरल्या. याला हलवणं म्हणतात होय? याला आवरणं म्हणतात!

पल्लवीनं फायली जागेवर टाकल्या. प्रोग्राम मुकाट चालला. मग हे हळूच म्हणाले,

"मंग आजपासून सैपाक कोण करन?"

सैपाक मीच केला. हात दोन्ही शाबूत होते. गेलं होतं ते नाक!